बांधापलीकडे पडलेली फळं

घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात दोन वाडीवाल्या शेजाऱ्यांचं बिनसलं, तर कारण बऱ्याचदा जमिनीवरच पडलेलं सापडतं: न वेचलेली, सडायला लागलेली फळं. एकाने झाडं विरळ केली आहेत, सापळे टांगले आहेत, खाली पडलेलं फळ तो नेमाने वेचून घेतो. बांधापलीकडे गवत गुडघ्याला लागतंय आणि त्या गवतात चिकू सडताहेत. इकडचा म्हणतो, “काका, तुमच्या वाडीतली माशी माझं फळ खाते.” तिकडचा म्हणतो, “अरे, माशी काय मी पाळलीय?” दोघांचंही बोलणं खरं आहे. म्हणून हे भांडण पावसाळ्यामागून पावसाळे चालू राहतं आणि शेवटी बोलणंच बंद होतं.

बोलणं बंद झालं की नुकसान दुप्पट होतं, हे या प्रकरणातलं माझं मुख्य सांगणं आहे. चिकूवरच्या ज्या किडींवरून ही भांडणं होतात, त्यातल्या सगळ्यात त्रासदायक किडीचा बंदोबस्त एका वाडीत होतच नाही. तो आजूबाजूच्या वाड्यांत एका वेळी करावा लागतो. ज्याचं नुकसान होतंय त्याला शेजाऱ्याची गरज आहे, आणि ज्याची गरज आहे त्याच्याशी भांडून भागत नाही.

आधी चिकूबद्दल थोडं. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. महाराष्ट्रात त्याची पहिली लागवड 1898 मध्ये घोलवडला झाली, असं फळबागशास्त्राच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. समुद्राची दमट हवा आणि निचऱ्याची जमीन त्याला मानवली. भंडारी, वाडवळ, पारशी, इराणी अशा अनेक कुटुंबांनी वाड्या वाढवल्या आणि त्या वाड्यांत राबणारे हात बहुतेक वारली कुटुंबांचे होते, आजही आहेत. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्यात इथल्या बागायतीचाही विचार होता. 2016 मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. सगळीकडे दिसते ती जात कालीपत्ती.

भांडणाशी थेट संबंध आहे तो या वाड्यांच्या वयाचा. चिकूचं झाड शंभर वर्षं सहज उभं राहतं. आजोबांनी दहा-दहा मीटरवर लावलेल्या झाडांच्या फांद्या आता एकमेकींत घुसल्या आहेत, आणि बांधाच्या कडेची झाडं तर शेजाऱ्याच्या झाडांत. खाली ऊन पोचत नाही. पावसाळ्यात आत शिरलं की अंगाला ओल जाणवते. अशा वाडीत वरचं फळ काढायला उंच शिडी आणि लांब बांबू लागतो, फवारा शेंड्यापर्यंत नीट पोचत नाही आणि पडलेलं फळ पालापाचोळ्यात दिसत नाही. किडीला हवं ते सगळं इथे तयार असतं.

आता माशीकडे जवळून बघू. फळमाशी घरातल्या माशीएवढीच असते, पण रंगाने पिवळट-तपकिरी, पंख काचेसारखे, आणि मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखा अवयव. शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. आंबा, पेरू, चिकू, केळी अशी कितीतरी फळं तिला चालतात. ती पिकायला लागलेलं फळ निवडते, सालीला बारीक भोक पाडते आणि आत अंडी घालते. बाहेरून ते टोचल्यासारखं दिसतं, बऱ्याचदा दिसतही नाही. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात आणि गर खात आत जातात. फळ हातात घेऊन दाबलं तर एका बाजूला बोट रुततं. कापलं तर गर पाणचट झालेला असतो, आंबूस वास येतो आणि पांढऱ्या, बिनपायाच्या अळ्या वळवळताना दिसतात. उचलून ठेवली तर त्यातली एखादी अंगाचा चाप करून टुणकन उडी मारते. ही उडी फळमाशीच्या अळीची खूण आहे, ती लक्षात ठेवावी.

पूर्ण वाढलेली अळी फळ सोडून मातीत शिरते. फार खोल नाही, वरच्या दोन-तीन बोटांच्या थरात ती कोष करते. गव्हाच्या दाण्यासारखा, तांबूस. उबदार दिवसांत साधारण दहा-बारा दिवसांत त्यातून नवी माशी बाहेर येते. अंड्यापासून माशीपर्यंत सगळं महिन्याच्या आत उरकतं. मादी काही आठवडे जगते आणि त्या काळात शेकड्यांनी अंडी घालते. गवतात पडलेलं एक सडकं फळ म्हणजे पुढच्या महिन्याच्या माशांचं पाळणाघर आहे, आणि न वेचलेल्या वाडीत अशी पाळणाघरं झाडाझाडाखाली भरलेली असतात.

चिकू तयार झाला की झाडावरून टणकच उतरवतात, घरी किंवा बाजारात पिकवतात. वेळेवर उतरवलेल्या फळाला माशी लागण्याचा धोका कमी. उतरवणी लांबली की फळ झाडावरच मऊ होतं, रात्री वटवाघळं त्यावर येतात, अर्धं खातात, अर्धं पाडतात, आणि पडलेल्यावर माशी बसते. त्यामुळे “शेजारी फवारत नाही” ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या जागी बोट ठेवते. खरी अडचण असते ती शेजाऱ्याची उतरवणी वेळेवर होत नाही आणि पडझड उचलली जात नाही, ही. तक्रार नेमकी झाली की मागणीही नेमकी होते, आणि नेमकी मागणी माणूस जास्त वेळा मान्य करतो.

एकट्याने सापळे लावून का भागत नाही, हेही समजून घ्यायला हवं, कारण बरेच बागायतदार इथेच निराश होतात. या सापळ्यामागची गोष्ट आपल्याच देशातली आहे. बिहारमधल्या पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास पळवण्यासाठी वापरलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाशा धावून येतात, आणि येतात ते फक्त नर, हे 1912 च्या सुमारास त्यांनी नोंदवलं. पुढे या ओढीमागचा घटक सापडला: मिथाईल युजेनॉल. तो तुळशीतही असतो. नराला त्याचा वास फार लांबून लागतो. आज आपण जो सापळा टांगतो, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा धरून, त्यातल्या लाकडी ठोकळ्याला हेच रसायन लावलेलं असतं.

सापळ्यात नर मरतात. फळ टोचते मादी. नर इतके कमी झाले पाहिजेत की मादीला जोडीदारच मिळू नये, तेव्हा अंडी फलित होत नाहीत आणि पुढची पिढी थांबते. एका एकरात सापळे लावले तर त्या एकरातले नर मरतात, पण शेजारच्या वाडीत मिलन झालेल्या माद्या आरामात उडून इकडे येतात. वर आपला सापळा शेजारचे नरही ओढून आणतो. संध्याकाळी सापळा उघडला की आत माशांचा खच दिसतो, बघणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि फळं मात्र पूर्वीसारखीच किडतात. मग राग शेजाऱ्यावर निघतो. सापळ्याचा दोष नाही, त्याचं क्षेत्र लहान पडलं.

पॅसिफिक महासागरातल्या रोटा या लहानशा बेटावर 1960 च्या दशकात याच रसायनाचे, कीटकनाशक लावलेले तुकडे सगळ्या बेटावर विमानातून टाकले गेले आणि तिथली ही माशी संपली. जपानच्या ओकिनावा बेटांवर वेलवर्गीय भाज्यांवरची माशी वांझ नर सोडून 1993 पर्यंत संपवण्यात आली. दोन्हीकडे बेट होतं, चारी बाजूंनी समुद्र होता. डहाणूच्या वाडीला समुद्र एकाच बाजूला आहे, उरलेल्या तीन बाजूंना माणसं आहेत. तिथली अडचण माणसांशी बोलूनच सुटेल.

पण शेजाऱ्याकडे जाण्यापूर्वी एक काम करायला हवं, आणि ते बहुतेक जण करत नाहीत: फळ कापून बघणं. चिकूवर फळमाशी एकटी नाही. बी पोखरणारी अळी ही तर या पट्ट्यातली मोठी डोकेदुखी आहे. तिचा पतंग लहान, कोवळ्या फळावर अंडी घालतो. अळी थेट बियांपर्यंत जाते आणि बीच्या आतला गर खाऊन वाढते. बाहेरून फळ निर्मळ दिसतं, आकार चांगला, रंग चांगला. वाढ पूर्ण झाली की अळी भोक पाडून बाहेर पडते, कधी झाडावर असतानाच, कधी फळ पेटीत भरल्यावर. ते भोक दिसलं की व्यापारी माल बाजूला काढतो. या अळीला पाय असतात, ती उडी मारत नाही आणि बी पोकळ झालेलं असतं. कळ्या पोखरणारी अळी वेगळी, पानांची जाळी करणारी वेगळी. पावसाळ्यात हिरवी फळं ढिगाने गळतात तेव्हा तर बऱ्याचदा कीड नसतेच, फायटोप्थोरा नावाचा रोग असतो. सततचा पाऊस, दमट हवा आणि दाट झाडी यांत तो फोफावतो. शेजाऱ्याने उद्या सगळी वाडी झाडून काढली तरी आपल्या गर्दीच्या झाडांतली ही गळ थांबणार नाही. तिथे आपल्याच फांद्या विरळ करून ऊन-वारा आत घ्यावा लागतो.

म्हणून गळलेली आणि उतरवलेली थोडी फळं वेगवेगळ्या झाडांखालून घ्यावीत, कापावीत, काय दिसतं ते लिहून ठेवावं. शंका असेल तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना न्यावा. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांच्या शिक्षणकार्यामुळे महाराष्ट्राला माहीत असलेली ती टेकडी इथल्या बागायतदारांसाठी सल्ला मिळण्याचं ठिकाणही आहे. हातात कापलेलं फळ असलं की संभाषण बदलतं. “तुमच्यामुळे माझं नुकसान झालं” याऐवजी “काका, हे बघा, तुमच्याकडच्या फळातही हीच अळी आहे का, बघू या का?” असं म्हणता येतं. शेजारी आरोपी न राहता तोही नुकसान सोसणारा होतो. तो तसा असतोच.

आता त्या शेजाऱ्याची बाजू. मला वाटतं, या विषयावर लिहिताना सगळ्यात कमी लिहिली जाते ती हीच. वाडी मोकाट का सुटते? मालक मुंबईला किंवा त्याहून लांब राहतो. सातबाऱ्यावर पाच-सात भावंडांची नावं आहेत, वाटणी झालेली नाही, खर्च कुणी करायचा यावर एकमत नाही. मालक म्हातारा झाला आहे, मुलं नोकरीला आहेत. वाडी ठेक्याने दिली आहे आणि ठेकेदाराला यंदाच्या फळाशी मतलब आहे, पुढच्या वर्षीच्या माशीशी नाही. भाव पडला की फळ उतरवण्याची मजुरीही सुटत नाही, मग ते झाडावरच सोडून दिलं जातं. आणि वाडीत राहून राखण करणारं वारली कुटुंब असेल, तर शेजारच्या वाडीचे मालक येऊन त्यांच्यावरच ओरडतात. त्यांनी तरी काय करावं? सडकी फळं वेचायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्याची मजुरी कुणी देत नाही. खोटी तक्रार ऐकून घेणं हा त्यांच्या कामाचा भाग नाही. बोलायचं असेल तर निर्णय ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलावं, आणि राखणदाराला मदत मागायची असेल तर मजुरी ठरवून मागावी.

हिशेब करून पाहिला तर बांधालगतच्या शेजारच्या दोन-तीन रांगांखालची पडझड आपल्या खर्चाने उचलणं हे एखाद्या जास्तीच्या फवारणीपेक्षा स्वस्त पडतं. “मी का करू त्याचं काम?” हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचं उत्तर इतकंच की त्या रांगांतली माशी आपल्याच फळावर येणार आहे. परवानगी मात्र घ्यायलाच हवी. न विचारता दुसऱ्याच्या वाडीत शिरून फळ उचललं, तर ते सडकं असलं तरी चोरीचा आळ येतो, आणि झाडावरून पडलेलं फळ झाडाच्या मालकाचंच असतं.

उचललेलं फळ टाकायचं कुठे, यावरूनही वाद होतात. ते बांधाच्या कडेला ढीग करून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण अळ्या ढिगाखालच्या मातीत उतरतात आणि माशा दोन्ही वाड्यांना मिळतात. उथळ खड्डाही उपयोगाचा नाही, माशी सैल मातीतून वर येते. दीड-दोन फूट खोल पुरून वर माती दाबावी, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवावं. हवाई बेटांवर शेतकऱ्यांनी तिसरा मार्ग वापरला आहे: बारीक जाळीचा तंबू, त्यात सगळी सडकी फळं. माशी त्या जाळीतून बाहेर पडू शकत नाही, पण तिच्या पिल्लांवर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या जाळीतून निघून पुन्हा बागेत कामाला लागतात. दोन-तीन वाड्यांनी मिळून असा एक तंबू उभारायला काही मोठा खर्च नाही.

कायद्याबद्दल लोक बरंच काही गृहीत धरून बसलेले असतात, म्हणून जरा सविस्तर. पाण्याचा प्रवाह अडवला किंवा शेतरस्ता बंद केला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे जाता येतं. कीड त्यात बसत नाही. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचे अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला आहेत, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली. पण दोन वाडीवाल्यांमधला उपद्रव सार्वजनिक ठरवणं कठीण. उरतो दिवाणी दावा, आणि तिथे अमुक माशी अमुक वाडीतूनच आली हे सिद्ध करायचं कसं?

इंग्लंडमधल्या एका जुन्या खटल्यात हाच पेच होता. गाइल्स विरुद्ध वॉकर, 1890. एकाने जमीन नांगरून सोडून दिली, तिच्यावर काटेरी तण माजलं आणि त्याचं बी वाऱ्याने उडून शेजाऱ्याच्या शेतात रुजलं. न्यायालयाने शेजाऱ्याचं म्हणणं फेटाळलं: जे निसर्गतः उगवलं त्याची जबाबदारी मालकावर नाही. पुढे 1980 मध्ये लीकी खटल्यात तिथल्याच अपील न्यायालयाने भूमिका बदलली. आपल्या जमिनीवरच्या नैसर्गिक धोक्याची जाणीव असेल तर मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे, मात्र त्याची ऐपत आणि परिस्थिती लक्षात घेऊन. ही ऐपतीची अट मला फार शहाणपणाची वाटते. चार एकरांच्या मालकाकडून जे अपेक्षित आहे ते अर्ध्या एकराच्या म्हाताऱ्या विधवेकडून अपेक्षित धरता येत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, जास्त कडक. व्हर्जिनिया राज्यात सफरचंदाच्या बागांना तांबेरा लागत असे. त्या बुरशीचं अर्धं आयुष्य सफरचंदावर जातं आणि अर्धं तांबड्या सीडरच्या झाडावर. सीडरचं तिच्याने फारसं बिघडत नाही, बाग मात्र जाते. 1914 मध्ये राज्याने कायदा केला की बागांजवळची अशी सीडरची झाडं तोडण्याचा आदेश राज्याच्या कीटकशास्त्रज्ञाला देता येईल. मिलर नावाच्या कुटुंबाची झाडं तोडायचा आदेश निघाला, त्यांना तोडणीचा खर्च म्हणून 100 डॉलर मंजूर झाले, झाडांची किंमत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1928 मध्ये ‘मिलर विरुद्ध शोन’ या निकालाने राज्याचा आदेश कायम झाला. न्यायालयाचा युक्तिवाद असा की दोनांपैकी एक मालमत्ता जाणारच आहे, काही न करणं हीही सरकारने केलेली निवडच ठरते.

आपल्याकडे अशा धर्तीचा पहिला कायदा मद्रास प्रांताने 1919 मध्ये केला, मुंबई प्रांताचा 1947 मध्ये आला. या कायद्यांचं सूत्र एकच: सरकारने अधिसूचना काढून एखाद्या किडीविरुद्ध उपाय सक्तीचा करायचा, त्या भागातल्या प्रत्येक कब्जेदाराने तो करायचा, नाही केला तर सरकारी माणसाने करून खर्च वसूल करायचा. इथे शेजारी विरुद्ध शेजारी असा सामनाच राहत नाही, नियम सगळ्या गावाला लागू होतो. पण अधिसूचनेवाचून एकट्या बागायतदाराला त्याचा काही उपयोग नाही. फळपीक विम्याचंही तसंच. तो हवामान केंद्रावर नोंदलेल्या पावसावर आणि दमटपणावर चालतो, शेजारच्या वाडीतली माशी त्यात मोजली जात नाही.

बांधावरून आत आलेल्या फांद्यांचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. आपल्या हद्दीत आलेली फांदी हद्दीपर्यंत छाटता येते, पण आधी सांगून, दुसऱ्याच्या जमिनीत न शिरता, आणि झाड मरेल अशी नाही. डहाणू नगरपरिषदेच्या हद्दीत शहरी वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो, तिथे परवानगीची चौकशी आधी करावी.

भांडण उलट्या बाजूनेही होतं आणि ते जास्त गंभीर असतं. एक शेजारी हलगर्जी, तर दुसरा अति फवारणारा. चिकूच्या उंच झाडावर मारलेला फवारा वाऱ्याबरोबर बांध ओलांडतो आणि शेजारच्या विहिरीवर, कोंबड्यांवर, मधमाश्यांच्या पेट्यांवर, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. ते विसरून चालणार नाही. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगणं, वारा पडलेला असताना सकाळी लवकर फवारणं, शेजारच्या विहिरीच्या बाजूच्या रांगा सोडणं, फवारणाऱ्या मजुराला हातमोजे आणि तोंडाला मुखपट्टी देणं, ही किमान माणुसकी आहे. फुलं भरात असताना कीटकनाशक मारलं तर मधमाश्या जातात. त्याचा तोटाही बांधाच्या दोन्ही बाजूंना होतो.

वाणगावच्या बाजूला मिरचीत हाच प्रकार. एकाचं पीक संपलं, त्याने झाडं उपटली नाहीत. त्या सुकत्या झाडांवरची पांढरी माशी आणि फुलकिडे उठून शेजारच्या नव्या लागवडीवर बसले आणि बरोबर पानं आकसणारा रोगही घेऊन गेले. इथे उपाय तासाभराच्या कामाचा आहे: पीक संपल्यावर झाडं उपटून नष्ट करणं. तलासरीच्या पाड्यांवर घरामागच्या मांडवांवर कारली, शिराळी, दुधी असतात. त्यांना टोचणारी फळमाशी वेगळी आणि मिथाईल युजेनॉलला ती येत नाही, तिच्यासाठी क्यूल्युअर नावाचं दुसरं आमिष लागतं. चिकूचा सापळा मांडवात टांगून “सापळे काही कामाचे नाहीत” असं ठरवलं जातं, ते यामुळे. आणि तलासरीत बांध कधीकधी राज्याची हद्दही असतो, पलीकडे उंबरगाव तालुका, गुजरात. तिथे अर्ज कुणाकडे करायचा हा प्रश्नच मागे पडतो, पलीकडच्या भाऊला हाक मारावी लागते.

मग हे मिटवायचं कुठे बसून? डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला आपल्या रूढीप्रमाणे तंटे सोडवण्याची पद्धत जपण्याचा अधिकार दिला आहे. 2007 मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून गावोगाव समित्या झाल्या. काही ठिकाणी त्या नावापुरत्या उरल्या असतील, तरी जिथे दोन जाणती माणसं अजून बसतात तिथे हा विषय न्यायला काहीच हरकत नाही. शेजाऱ्याविरुद्ध तक्रार म्हणून नेला तर तो अपमान मानून येणार नाही. “आपल्या आळीतल्या सगळ्या वाड्यांच्या माशीचं काय करायचं” असा विषय ठेवला तर तोही येऊन बसतो.

आणि हा प्रश्न दोन वाड्यांपुरता राहतही नाही. 2014 मध्ये युरोपीय संघाने 1 मेपासून भारतातल्या आंब्यावर आणि चार भाज्यांवर बंदी घातली, कारण आदल्या वर्षी तिथे पोचलेल्या 207 खेपांमध्ये फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामात हापूसवाल्यांना ती बसली, ज्यांनी काटेकोर काम केलं होतं त्यांनाही. आंब्यावरची बंदी उठायला 2015 उजाडलं. जून 2021 मध्ये मानांकन मिळालेला डहाणू घोलवडचा चिकू ब्रिटनला रवाना झाला. ती वाट उघडी ठेवायची तर फळ निर्मळ हवं, एका वाडीचं नव्हे, त्या नावाने विकल्या जाणाऱ्या सगळ्याच वाड्यांचं.

बैठकीत काय ठरवावं, तर मोजकं आणि तपासता येईल असं. आमिष सगळ्यांनी मिळून एकत्र विकत घ्यावं, स्वस्त पडतं. सापळे सगळ्या वाड्यांत एकाच दिवशी टांगावेत आणि आमिष बदलण्याचा दिवसही एकच ठेवावा, कारण कुणाचा सापळा जुना होऊन निकामी पडला की त्याच्या वाडीतून पुन्हा सुरुवात होते. पडझड उचलण्याचा वार ठरवावा. ज्यांच्याकडे माणसं नाहीत त्यांच्या वाडीत टोळीने काम करावं आणि मजुरी त्यांच्या फळाच्या पैशातून वळती व्हावी. मालक बाहेरगावी असेल तर त्याची लेखी संमती आधी मागवावी, त्यात आत शिरण्याची परवानगी, खर्चाचा वाटा आणि राखणदाराच्या कुटुंबाला या कामाची वेगळी मजुरी, अशा तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. ठेक्याने वाडी देणाऱ्याने ठेक्याच्या कागदातच पडलेलं फळ उचलण्याची अट घालावी. दर आठवड्याला प्रत्येक वाडीतल्या एकेका सापळ्यातल्या माशा मोजून आकडे एका वहीत मांडावेत. मग कुठल्या कोपऱ्यात माशी वाढते आहे ते आकड्यांतून कळतं, आणि त्या कोपऱ्यात कुणाची वाडी आहे यावर न अडता सगळे तिकडे कामाला जाऊ शकतात.